विमानं उशिरा येत होती

माझा धंदा शिवणाचा. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच; पुढं जे काही आलं ते बघून, उसवून आणि परत शिवून आलं. तेव्हा व्हिडिओ गेमच्या मशीनबद्दल मी काही लिहीन असं मला कुणी सांगितलं असतं, तर मी आधी हसले असते आणि मग त्याला चहा पाजून घालवला असता. पण त्या नवरात्रात आमचं अख्खं घर त्या मशीनभोवती जीव मुठीत धरून बसलं होतं. म्हणून लिहिते.

नव्वद सालानंतरचे ते दिवस. सांगलीत विश्रामबागेला, कॉलेजच्या रस्त्यावर आमचं दुकान होतं. मागच्या अंगाला दोन खोल्यांचं घर. दुकानाच्या पुढच्या भागात गेमची मशीनं, मधे प्लायवूडचा आडोसा, आणि आडोशामागं माझं शिलाई मशीन. पुढं ढिशूम ढिशूम चाललेलं, मागं माझी टिप चाललेली. गिऱ्हाईक बाया म्हणायच्या, "तुमाला ब्लाउज शिवायला सुचतंय तरी कसं ह्या गोंगाटात?" मला तर तो बंद झाला की टिप वाकडी जायची.

तीन मशीनांपैकी एक विमानांचं. कपाटाएवढं उभं लाकडी खोकं, त्यात टीव्हीची काच, खाली डाव्या हाताला दांडी आणि उजव्या हाताला गोळ्यांचं लाल बटण. वरून शत्रूची विमानं उतरायची, खालून आपलं एकच. हे मशीन आमच्या ह्यांनी, म्हणजे माझ्या मालकांनी, पुण्यातून जुनं म्हणूनच आणलेलं. दुसऱ्या दुकानांत तोवर मारामारीचे नवे गेम आले होते आणि पोरं तिकडं पळत होती. तरी ह्या म्हाताऱ्या विमानांपुढं चारदोन पोरं कायम असायची, आणि त्याचं कारण मशीनमागच्या भिंतीवर होतं. लाईट गेली की मशीन सगळे आकडे विसरायचं, आणि लाईट तर रोज जायची. म्हणून सगळ्यात मोठा आकडा आम्ही भिंतीवर खडूनं लिहून ठेवायचो. तो आकडा माझ्या धाकट्या दिराचा होता. सुट्टीवर आला की फौजेची पँट अंगावर तशीच ठेवून तो मशीनपुढं उभा राहायचा, आणि एका नाण्यावर एवढा वेळ खेळायचा की मागची पोरं नाणी खिशात परत टाकून नुसती बघत बसायची. "फौजीकाका, शिकवा की!" म्हणायची. हा म्हणायचा, "आरं, शिकवायचं काय त्यात? ती कवा येत्यात ते ध्यानात ठेवायचं. बोट आपोआप पडतंय."

त्याची ती बोटं बर्फात गेली.

वरच्या कुठल्यातरी ठाण्यावर हात गारठले. डाव्या हाताचं निभावलं, उजव्याची चार बोटं कापावी लागली. अंगठा तेवढा राहिला. फौजेनं घरी पाठवलं. घरी आला तो मोठ्या बाह्यांचा स्वेटर घालूनच आला आणि सांगलीच्या उन्हातही तो काढेना. आमच्यात पंगतीला बसेना; ताट घेऊन परड्यात जायचा. दुकानात यायचा, पण विमानांकडं पाठ करून बसायचा. पोरांनी एकदोनदा हाक मारली, मग त्यांनीही सोडून दिलं. पोरंच ती.

नवरात्र बसलं त्या दिवशी त्यानं आईला सांगितलं, "दसरा झाला की मी माणाला जातो. मामाची मेंढरं राखीन."

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, माण तालुक्यातल्या. माहेरच्या नावानं एरवी त्यांचा चेहरा उजळायचा, त्या दिवशी तो उतरला. मामाचं घर गावापासून लांब, माळावर. मामाची पोरं सगळी मुंबईला. तिथं दिवसदिवस माणसाचं तोंड दिसत नाही, आणि परसात एक कोरडी पडलेली खोल विहीर आहे. विहिरीचं कुणीच बोललं नाही. पण मी भाकरी थापत होते आणि आत्याबाई चुलीपुढं नुसत्या बसल्या होत्या, तेव्हा दोघींच्या मनात ती विहीरच होती, हे मला आजही ठाम वाटतं.

आता ह्याला इथं धरून ठेवायचं तर कशानं? आमच्या ह्यांच्या डोक्यात विमानं आली. म्हणाले, "तो एकदा खेळला ना, की इथला हुईल परत." माझंही तेच मत. पण खेळणार कसा, ह्यावरून आमचं जुंपलं.

माझं म्हणणं सोपं होतं. उजवा हात चालत नाही, तर पाय आहे. मी जन्मभर पायानं मशीन चालवलंय. फळीला बिजागरी लावायची, खाली स्प्रिंग, आणि गोळ्यांचं बटण काढून फळीखाली बसवायचं. डाव्या हातात दांडी, उजव्या पायाखाली बटण. मी तसली फळी करूनही ठेवली. माझ्या जुन्या मशीनची स्प्रिंग काढली, आणि आडोशामागं पाय मारमारून बघितलं.

हे म्हणाले, "आणि पोरं बघणार. फौजीला पायानं गोळ्या माराव्या लागत्यात म्हणून. तू त्याच्या हातात कुबडी देतीयास, आणि ती बी भर रस्त्यात."

"मग तुमचं काय म्हणणं हाय?"

ह्यांचं म्हणणं मशीनच्या पोटातलं होतं. साताऱ्यात ह्यांच्या ओळखीचा एक मेकॅनिक होता, असल्या बोर्डांची कामं करणारा. मशीनच्या आत हिरवा बोर्ड असतो, त्यावर चिपा असतात, आणि त्यातल्या एका चिपेत गेमची चाल भरलेली असते. ती वाचून तो दुसरी चिप भरून देणार होता. तीत विमानं सावकाश येणार, शत्रूच्या गोळ्या कमी सुटणार. बाहेरून मशीन तसंच, आत मात्र मवाळ. अंगठ्यानं दाबलं तरी पुरेल असं.

"कुणाला कळणार बी न्हाई," हे म्हणाले.

"त्याला कळंल."

"कसं कळंल? काय सांगशील तू?"

मी एवढंच म्हटलं की गिऱ्हाईक जाड झालं म्हणून आपण टेप खोटी करत नाही, कापड वाढवतो. हे म्हणाले, "कापडाचं हितं काय काढलंस?" आणि विषय संपला.

तसा तिसरा रस्ताही होता. बोर्डावरची बारीक बटणं सरकवली की एका नाण्यात जास्त जीव मिळायचे. ते करून बघायला मी सुचवलंही. हे म्हणाले, "जीव वाढवून काय करू? तीनदा मरतोय तिथं पाचदा मरंल, आन् पाचीवेळा चारचौघांत."

फळी मी दिराला दाखवली. त्याच्याशी बोलून करावं एवढाच माझा हेतू. त्यानं फळीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि पायानंच ती भिंतीकडं सरकवली. "वैनी, मशीनला हात लावू नका. न्हाई खेळायचं मला. संपलं."

मग काय, ह्यांचंच चाललं. ललितापंचमी झाली आणि हे ती चिप कापसात गुंडाळून एसटीनं साताऱ्याला गेले. मशीनवर 'बंद आहे' अशी पाटी लावली. परत आले ते नवी चिप घेऊनच, आणि सकाळी दुकान उघडायच्या आत बसवूनही टाकली. जुनी चिप परत कापसात, आणि कापूस हत्यारांच्या पेटीत. मला म्हणाले, "मेकॅनिकनं बजावलंय, जुनीच्या पाठीवर काचेची बारकी खिडकी हाय, तिच्यावरचा कागद निघाला आणि आत ऊन गेलं तर सगळं पुसलं जाईल. आणि तू त्याच्यापाशी एक शब्द काढलास तर माझ्या गळ्याची शपथ हाय."

अष्टमीच्या दुपारी कॉलेजला सुट्टी. दुकानात चारच पोरं. ह्यांनी भावाला कसं पटवलं देवाला ठाऊक, मी आडोशाआड काज करत होते, तेवढ्यात नाणं पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ पोरांचा, "फौजीकाका! ए, बाजूला हो, फौजीकाका हायत!"

मी सुई तशीच कापडात टोचून उठले. आडोशाच्या फटीतून मला त्याची पाठ दिसत होती. डाव्या हातानं दांडी धरलेली, उजवा हात स्वेटरच्या बाहीसकट बटणावर ठेवलेला. अंगठा बाहेर. वरून विमानं उतरू लागली. मला त्यातलं खेळायचं कळत नव्हतं, पण त्या मशीनचा ताल मला पाठ होता. दिवसभर त्यावर मी टिप मारायचे. तो ताल आता ओढल्यासारखा येत होता. लाईट गेलेल्या गिरणीसारखा.

दिरानं गोळी मारली. विमान अजून तिथं आलंच नव्हतं. गोळी वर निघून गेली. तो डावीकडं सरकला, जिथून पूर्वी निसटायचा त्या जागी. पण शत्रूची गोळी उशिरा येऊन नेमकी तिथंच पोचली. एक जीव गेला. दुसरा तसाच. तिसरा तसाच.

तुम्हाला सांगते, हातानं चुकला असता तर मला एवढं लागलं नसतं. अंगठा पुरत होता! ह्यांनी तसा सोपा गेम करूनच घेतला होता. तो चुकत होता ते डोक्यानं, कारण डोक्यात जुनी विमानं होती आणि ती वेळेवर येत होती.

एक पोरगं म्हणालं, "काय हो काका, लवकरच दाबताय!"

दिरानं दुसरं नाणं टाकलं. पुन्हा तेच. मग तो मशीनपासून मागं सरला, भिंतीवरच्या आपल्याच आकड्याकडं बघितलं, आणि बाहीनं तो पुसून टाकला. आतल्या खोलीत जाताना माझ्याशेजारून गेला तेव्हा त्याचा चेहरा मला दिसला. बोटं गेल्यावरही तो तसा दिसला नव्हता.

रात्री जेवायला परड्यातही गेला नाही. आईला म्हणाला, "डोस्कं बी गेलंय माझं, आई. बर्फानं आत काय तरी केलंया. दसऱ्याच्या सकाळच्या पयल्या गाडीनं मी जातो. थांबवू नका."

मी ह्यांना परसात गाठलं. "सांगा त्याला."

"काय सांगू? तुला फसवलं म्हणून? मग तर आत्ताच जाईल."

"तो येडा झालो म्हणून जातोय! निदान फसलो म्हणून जाऊ दे."

ह्यांनी मान खाली घातली. माणूस वाईट नाही हो. भावावर जीव टाकणारा. पण आपणच आपल्या हातानं त्याला ढकललं, हे उच्चारायचं बळ त्यांना येईना.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्यात त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं पुजतात. कोयता, विळी, माझी कात्री, शिलाई मशीन, ह्यांची पेटी. सकाळी मी अंघोळ करून आले तोवर आत्याबाईंची मांडामांड झालेली. ह्यांच्या शपथेचं मनातल्या मनात देवीला सांगून टाकलं, तिनंही काही हरकत घेतली नाही, आणि मी दिराकडं गेले. तो पिशवी भरत होता.

"भावजी, डोस्कं न्हाई गेलेलं. गेम बदललाय."

सगळं सांगितलं. सातारा, चिप, सावकाश विमानं. तो ऐकताना पिशवीचा बंद डाव्या हातानं वळत होता. वाटलं, आता उठेल आणि मोठ्या भावाची गचांडी धरेल. तो म्हणाला, "म्हंजे ती उशिरा येत होती?"

"व्हय. मी बी ऐकलं. टिपेला ताल लागंना."

"मला वाटलं मीच..." आणि थांबला. मग उठला. "जुनी चिप कुठाय? बसवा ती. मला बघू द्या. मग जातो."

आम्ही दोघं ओट्यावर आलो. हे तिथंच उभे होते. ओट्यावर सकाळचं लख्ख ऊन होतं आणि उन्हात पूजा मांडलेली. पक्कड, पेचकस, तारांना डाग द्यायची इस्त्री, सगळं ओळीनं, प्रत्येकाला हळदकुंकू, झेंडूचं फूल. आणि कापूस बाजूला टाकून त्या ओळीत, सगळ्यात शेवटी, पाय रोवून बसलेल्या किड्यासारखी ती चिप. पाठीवरचा चंदेरी कागद सोललेला.

"आई, हा कागद?" ह्यांनी विचारलं.

"मळका हुता. काढला," आत्याबाई म्हणाल्या. "खाली केवढी ग्वाड काच हाय. तिथंच कुकू लावलं."

लावलं म्हणजे काय! कुंकू पाण्यात कालवून दोन बोटांनी चांगलं थापलं होतं. खिडकी दिसतच नव्हती. ओघळ पायांपर्यंत आलेला.

ह्यांनी चिपेला हात घातला, तशा आत्याबाई कडाडल्या. "हात न्हाई लावायचा! आज हत्यार उचलायचं न्हाई. उद्या सकाळी उत्तरपूजा झाल्यावर."

"आई, उन्हानं पुसलं जातंय त्यातलं!"

"देवीच्या म्होरं ठेवलेलं पुसलं जातंय व्हय? काय पन बोलतोस."

"उद्या सकाळी ह्याची गाडी हाय, आई!"

आत्याबाईंनी धाकट्याकडं बघितलं. मग, मला वाटतं, त्यांना सगळं एकदम कळलं; म्हातारी हुशार होती. म्हणाल्या, "मग उत्तरपूजा झाल्याबिगर गाडीत बसायचं न्हाई. हत्यार तुजं बी हाय त्यात." आणि आपल्या पदरानं त्यांनी पूजेवर सावली धरली. थोड्या वेळानं मी छत्री आणून उघडून ठेवली. देवीपुढं छत्री! गल्लीतल्या बाया विचारून विचारून थकल्या.

तो दिवस कसा गेला ते विचारू नका. हे घडीघडीला बाहेर येऊन सावली सरकली का बघत. सूर्य सरकला की छत्री सरकवायची. दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, पण छत्री मात्र दोघंही सरकवत होते.

दसऱ्याच्या पहाटेच आत्याबाईंनी उत्तरपूजा केली. एवढ्या लवकर त्यांनी ती कधी केली नव्हती. मी स्पिरिट आणि माझा मशीन पुसायचा ब्रश घेतला, आणि चिपेचा एकेक पाय पुसत गेले. काचेवरचं कुंकू तसंच ठेवलं, वर काळी चिकटपट्टी. पुसायची माझी छाती झाली नाही. ह्यांनी चिप बसवली. बटण टाकलं.

काचेवर नुसती रंगीत कचरपट्टी आली. आडव्या उभ्या रेघा, अर्धी अक्षरं.

दिरानं पिशवी खांद्याला लावली. त्याच्याकडं न बघता हे म्हणाले, "मी केलं हे सगळं. तुला हसतील म्हणून केलं."

"ठावं हाय," दीर म्हणाला. आणि दारापर्यंत जाऊन परत आला, मशीनच्या मागं वाकला, म्हणाला, "दादा, बॅटरी धर. त्यो कोपऱ्यातला पाय बघ. आत गेलाच न्हाई, मुडपलाय."

खरंच मुडपला होता. पुसताना माझ्याच ब्रशानं झालं असेल, किंवा बसवताना. माझ्या बारीक सुईनं तो सरळ केला. परत बटण. काच काळी झाली, मग निळी झाली, आणि तो जुना सूर वाजला. चढा, घाईचा. माझा पाय आपोआप टिप मारल्यासारखा हलला.

दिरानं पिशवी न उतरवताच नाणं टाकलं. अंगठा बटणावर. विमानं आली, आणि तो निसटला, आणि परत निसटला. गोळ्या मात्र पुऱ्या सुटत नव्हत्या, अंगठा पुरेना. थोड्याच वेळात पहिला जीव गेला. पण तो हसला. कितीतरी महिन्यांनी मी त्याचे दात बघितले. "हां! बराबर हाय. तिथंच येतंय भडवं. तिथंच येतंय!"

"तोंड आवर, दसरा हाय," आत्याबाई म्हणाल्या आणि डोळ्याला पदर लावला.

तिन्ही जीव संपले. तो तसाच उभा राहिला. रस्त्यावरून रिक्षा गेली. स्टँडवर पोचायचं तर निघायलाच हवं होतं.

"वैनी," तो काचेकडं बघतच म्हणाला, "ती फळी हाय का अजून, का जाळली?"

मी ती शिलाई मशीनखालून काढली. हे बटण काढायला बसले. दिरानं पिशवी खाली ठेवली, आणि स्वेटरच्या बाह्या पहिल्यांदाच कोपरापर्यंत वर सारल्या, कारण फळी धरायला त्याला दोन्ही हात लागत होते. तेवढ्यात पोरं सोनं द्यायला आली, हातात आपट्याची पानं. ती दारातच थबकली. हातही बघितला त्यांनी आणि फळीही बघितली.

"काका, हे काय?" एकानं विचारलं.

"पॅडल हाय," दीर म्हणाला. "सोनं दे आन् नाणं काढ. माझी संपली."

फळीवर पाय ठेवून त्यानं दोनदा दाबलं. मग माझ्याकडं वळून, लहान मुलासारखा वैतागून, "वैनी, लय घट्ट हाय हो स्प्रिंग! शिलाई मशीन हाय का विमान?"

"ढिली करते," मी म्हटलं. "पण आज न्हाई. दुसरी स्प्रिंग बाजार उघडल्यावर मिळंल."

आतून आत्याबाईंनी विचारलं, "आरं, गाडी?"

"उद्या स्प्रिंग आणायची हाय, आई," तो म्हणाला, आणि दांडी धरली.